मधमाश्या किती, शेळ्या किती: मुलांची पोटगी आणि बापाला मिळणारी मदत, मागची गोष्ट

मागच्या वर्षी एका मित्रासोबत फॅमिली कोर्टाबाहेर टायपिस्टच्या टेबलाशी दोन तास बसलो होतो. उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र भरायचं होतं. मित्र नोकरीवाला, पण गावाकडच्या सामाईक सातबाऱ्यावर त्याचंही नाव लागलेलं, म्हणून टायपिस्ट म्हणाला साहेब शेतीवाला फॉर्मपण लावून टाका, नंतर कटकट नको. आणि मग एकेक प्रश्न वाचायला लागला, जमीन जिरायत का बागायत, पिकं कुठली, तीन वर्षांचं उत्पन्न किती, कुणाला वाट्याने दिलीय का, म्हशी किती, शेळ्या किती, कोंबड्या, मधमाश्या. मधमाश्यांवर मित्र हसला. चहा पिताना म्हणाला, अरे मधमाश्या विचारल्या, पण पोरीला शेवटचा कधी भेटलास हे एका पानावर नाही.

त्याचं बरोबर होतं, आणि ते तसं का आहे हे शोधायला गेलं की थेट ब्रिटिश काळात जावं लागतं.

पोटगी हा शब्द आपला जुना, पोटावरूनच आलेला. पेशवाईत बालपरवेशी म्हणून एक प्रकार होता, लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या मुलांना सरकारातून मिळणारी नेमणूक. म्हणजे बाप नसला तर पोराचं बघायचं कुणी, हा प्रश्न इथे नवा नव्हता. पण आज कोर्टात जी पोटगी आहे तिची मुळं तिकडे नाहीत. ती आली १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातून. ऐपत असून बायकोपोरांना सांभाळत नसेल त्याला मॅजिस्ट्रेटने दरमहा रक्कम द्यायला लावायची, कमाल ५० रुपये. साहेबाला इथल्या पोरांचं प्रेम आलं होतं असं काही नाही, टाकलेल्या बायका आणि मुलं रस्त्यावर येऊ नयेत, भीक किंवा चोरीकडे वळू नयेत, एवढाच हिशोब. म्हणून ते कलम घरगुती कायद्यात न बसवता फौजदारीत बसवलं, आणि आजही ते तिथेच आहे. माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे, या दारातून आत येणारा बाप पहिल्या दिवसापासून गैरअर्जदार असतो, पालक म्हणून त्याला कुणी बोलावलेलंच नसतं.

पुढे १८९८ च्या कायद्यात हे कलम ४८८ झालं, रकमेची मर्यादा १९२३ मध्ये १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. १९७३ चा नवा कायदा आला तेव्हा कलम १२५, त्यात म्हातारे आईवडीलही आले, पण ५०० चा आकडा तसाच. सगळ्यांचं मिळून ५०० बरं का, एकेकाला नाही. मधे काही राज्यांनी आपापल्यापुरती ती वाढवली, पण केंद्राच्या कायद्यातून मर्यादा गेली ती थेट २००१ च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीत अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असतानाच्या पोटगीचा, अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असंही आलं. ते शक्यतो किती ताणता येतं हे तारखा घेतलेल्या कुणालाही विचारा.

आता दुसरी फाइल. मूल राहणार कुणाकडे, भेटणार कोण, हा विषय या कलमात कधी आलाच नाही. त्यासाठी १८९० चा पालक आणि पाल्य कायदा, तो दिवाणी, अर्ज जिल्हा न्यायालयात. हिंदूंसाठी १९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्वाचा कायदा आला, त्यात गंमत अशी की नैसर्गिक पालक म्हणून पहिला मान बापाला, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे. म्हणजे कागदावर बाप, कडेवर आई. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने गीता हरिहरन यांच्या केसमध्ये आईसुद्धा बापाच्या हयातीत पालक असू शकते असा अर्थ लावला, तोपर्यंत मुलाच्या नावाने घ्यायच्या रिझर्व्ह बँकेच्या बाँडच्या फॉर्मवर सही बापाचीच लागायची. थोडक्यात जुना कायदा बापाला हक्काचा मालक समजायचा आणि पोटगीचं कलम त्याला पळपुटा समजायचं, रोज डबा भरून देणारा, पालकसभेला जाऊन बसणारा बाप दोन्हीकडे कुणाच्या डोक्यात नव्हता.

पैसे एका खिडकीत, मूल दुसऱ्या खिडकीत, हे आजचं दुखणं तिथून आलंय. भेट देत नाही म्हणून पोटगी थांबवली असं कितीतरी बाप करतात आणि तिथेच फसतात, कारण पोटगी मुलाची असते, आईला शिक्षा म्हणून ती अडवता येत नाही. थकली की वसुलीचा अर्ज, वॉरंट, न भरलेल्या महिन्यांसाठी कैद, आणि १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलंय की जेलमध्ये जाऊन आलं म्हणून थकबाकी फिटत नाही. जेल हा वसुलीचा मार्ग आहे, पैशाच्या बदल्यात भोगायची गोष्ट नाही. उलट बाजूने आईनेही पैसे थकले म्हणून भेट बंद करायची नसते, पण तिथे वॉरंट निघत नाही ना.

या दोन फायली एका छपराखाली आणायची कल्पना आपल्याकडे आली दुर्गाबाई देशमुखांमुळे. १९५३ मध्ये त्या चीनला जाऊन आल्या, तिथली कुटुंब न्यायालयं बघितली, आणि परत आल्यावर न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी, आणि नेहरूंशीही बोलल्या. दोघेही न्यायमूर्ती मुंबई हायकोर्टाचे, त्यामुळे या कल्पनेला इकडचा वास आहेच. पण कायदा व्हायला १९८४ उजाडलं, आणि पुण्यामुंबईत प्रत्यक्ष कोर्टं सुरू झाली १९८९ मध्ये. कलम ९ नुसार आधी समेटाचा प्रयत्न करणं कोर्टाचं काम, समुपदेशक कोर्टातच, आणि कलम १३ प्रमाणे वकील हा हक्क म्हणून नाही, परवानगीने. म्हणजे मुळात विचार असा होता की सामान्य माणसाने स्वतः उभं राहून बोलावं. प्रत्यक्षात काय झालं ते कॉरिडॉरमधले काळे कोट मोजले की कळतं. तरी समुपदेशकाची खोली ही बापासाठी पहिली खरी मदत आहे असं मी म्हणेन, कारण तिथे पैशाचं आणि भेटीचं बोलणं एकाच टेबलावर होतं. आणि पटलं तर लिहून घ्यायचं, कुठला वार, किती वाजता, दिवाळीत कोण, मे महिन्यात कोण. "आठवड्यातून एकदा भेट" एवढंच लिहिलं की पुढच्या शनिवारी भांडण ठरलेलं.

फुकट वकिलाचा इतिहासही याला समांतर चालतो. १९४९ मध्येच मुंबई प्रांताने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेशीर मदतीसाठी समिती नेमली होती, मग १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदतीचं कलम ३९ अ आलं, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ लागला. त्याच्या कलम १२ मध्ये बायका आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील. पुरुषाला तसं नाही, पण दार बंदही नाही आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अनुसूचित जाती-जमातीचा असेल, अपंग असेल, कारखान्यातला कामगार असेल, कोठडीत असेल, आपत्तीत सापडलेला असेल, तर उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख. प्रत्येक जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, अर्ज तिथेच करायचा, आणि १५१०० हा त्यांचा फोन नंबर. महिना २२-२३ हजारवाला ड्रायव्हर किंवा सिक्युरिटीवाला यात बसतो, आणि नेमका तोच उसने घेऊन खाजगी वकिलाची फी भरत असतो.

मग पुरुषांच्या संघटना. १९८३ मध्ये ४९८ अ, म्हणजे विवाहितेच्या छळाचं फौजदारी कलम आलं, त्याच्या विरोधातली नाराजी साठत गेली आणि त्यातून हे गट उभे राहिले, २००५ च्या सुमाराचं सेव्ह इंडियन फॅमिली हे त्यातलं मोठं नाव. रात्री दोन वाजता फोन उचलणारं कुणीतरी आहे ही गोष्ट लहान नाही, मी ती कमी लेखणार नाही. पण त्यांचा जन्म नवराबायकोच्या फौजदारी भांडणातून झालाय, मुलाच्या खर्चातून नाही, त्यामुळे काही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्लेही तसेच येतात, नोकरी सोड, पगार रोख घे, एक रुपया देऊ नको. ऐपत असलेला धडधाकट माणूस मुद्दाम बसला तर कोर्ट त्याची कमावण्याची ताकद बघतं, पगाराची स्लिप नाही, हे तिथे कुणी सांगत नाही.

बापांच्या बाजूने खरं वळण आलं ते कोर्टातूनच, आणि गाजावाजा न होता. २००० मध्ये पद्मजा शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आई कमावती असेल तर मुलांच्या खर्चाचा वाटा तिचाही, तिथे बापाचा पगार आईच्या दुपटीच्या आसपास म्हणून २ला १ असं प्रमाण ठरवलं. याला आधार होताच, १९५६ च्या दत्तक आणि निर्वाह कायद्याचं कलम २० मुलांची जबाबदारी आईबाप दोघांवर टाकतं. म्हणजे मूल बापाकडे राहत असेल आणि आई चांगली कमावत असेल तर मुलाच्या वतीने बाप मागू शकतो. लाजायचं काय त्यात, पण लाजतात. शिवाय हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ तर नवऱ्यालाही केस चालू असेपर्यंत पोटगी मागू देतं, १९५५ पासून.

आणि मग ४ नोव्हेंबर २०२० चा रजनीश विरुद्ध नेहा. केस आपल्या नागपूरची. अर्ज २०१३ चा, फॅमिली कोर्टाने बायकोला १५ हजार आणि मुलाला आधी ५, नंतर १० हजार अंतरिम पोटगी ठरवली, नागपूर खंडपीठाने ती कायम ठेवली, आणि प्रकरण दिल्लीत पोचून निकाल लागेपर्यंत सात वर्षं गेली, तीही फक्त अंतरिम रकमेवर! न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी मग देशभरासाठी नियमच घालून दिले. दोघांनीही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून, आणि वेगवेगळ्या कायद्यांखाली वेगवेगळी पोटगी लागली असेल तर आधीची रक्कम वजा धरायची, फक्त ती आधीची ऑर्डर लपवायची नाही. माझ्या मित्राचा म्हशी-मधमाश्यांचा फॉर्म या निकालाला जोडलेला. त्याच निकालाच्या बिगरशेती फॉर्ममध्ये मुलांच्या भागात एक ओळ आहे, कुठल्या पालकाकडून स्वेच्छेने काही खर्च चालू आहे का. मित्राने तिथे "नाही" लिहायला लावलं होतं, कारण कोर्टाने अजून काही ठरवलं नव्हतं. मी म्हटलं थांब, शाळेची फी कोण भरतंय? तर दोन वर्षं हाच भरत होता, पण पहिल्या वर्षी शाळेत रोख, पावती सासरच्या घरी. सायकल घेतली ती रोख. डॉक्टरचं बिल मेव्हण्याच्या हातात दिलेलं. दुसऱ्या वर्षीची फी तेवढी बँकेतून गेलेली, ती एक एन्ट्री स्टेटमेंटवर पिवळ्या पेनने रंगवून आम्ही जोडली. दीड लाखाच्या वर खर्च केलेल्या माणसाकडे दाखवायला एक ओळ.

नोकरी गेली तर काय, हेही कायद्यात जुनंच आहे, परिस्थिती बदलली की रक्कम कमीजास्त करून घ्यायचा अर्ज, आधी कलम १२७. करोनात पगार अर्धे झाले तेव्हा अनेकांनी हा अर्ज न करता नुसतं भरणं बंद केलं, आणि थकबाकी जुन्याच दराने चढत गेली.

भेटीच्या बाजूला मात्र कायदा हललेला नाही. मे २०१५ मध्ये कायदा आयोगाने २५७ वा अहवाल दिला, अध्यक्ष न्यायमूर्ती ए. पी. शहा, आपल्या सोलापूरचे. त्यात संयुक्त ताबा, मुलाच्या खर्चाचे निकष, मध्यस्थी, भेटीची आखणी हे सगळं एका जागी मांडून १८९० च्या कायद्यात घालायची शिफारस होती, म्हणजे दोन फायलींची एक फाइल. संसदेने ती उचलली नाही. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने यशिता साहू केसमध्ये मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळण्याचा हक्क आहे, भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल तरी हवा, असं सांगितलं, त्यावर आता वकील अर्ज करतात आणि मिळतंही.

१ जुलै २०२४ पासून जुना फौजदारी प्रक्रिया कायदा गेला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. १२५ चं १४४ झालं, १२७ चं १४६. मित्राच्या टायपिस्टने सवयीने वर १२५ टाइप केलं, जीभ चावली, खोडून १४४ केलं. खालच्या मजकुराला हात लावायची गरज पडली नाही. मग त्याने विचारलं, मुलीच्या ताब्याचा अर्ज पण आजच टाकायचाय का, त्याचे वेगळे होतील.