प्रभूची प्रार्थना

येशू ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेली व सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांत नित्य म्हटली जाणारी प्रार्थना. लॅटिन संहितेच्या पहिल्या दोन शब्दांवरून तिला ‘पातेर नोस्तेर’ आणि कोकणीत ‘आमच्या बापा’ असे म्हणतात. देवावर भिस्त, देवाची आराधना आणि देवाच्या इच्छेचे पालन या तीन गोष्टी तिच्या जेमतेम दहा-बारा ओळींत आल्या आहेत. त्यामुळे बाप्तिस्म्यापूर्वीच्या शिक्षणात प्रेषितांचा मतांगीकार (श्रद्धेचे संक्षिप्त विधान) व दहा आज्ञा यांच्या जोडीने ती पाठ करून घेण्याची प्रथा पडली.

नव्या करारात ती दोन ठिकाणी येते. मत्तय ६:९–१३ मध्ये ती डोंगरावरील प्रवचनाचा भाग आहे. लूक ११:२–४ मध्ये ती एका शिष्याच्या विनंतीवरून सांगितलेली आहे. लूकची संहिता आखूड आहे. सहसा इ.स. २०० च्या सुमाराचा मानल्या जाणाऱ्या, ‘पी ७५’ या संकेताने ओळखल्या जाणाऱ्या पपायरसात व इतर जुन्या हस्तलिखितांत संबोधन नुसते ‘पित्या’ एवढेच आहे. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आणि ‘वाइटापासून सोडव’ या दोन विनंत्या तेथे नाहीत. येशूने ही प्रार्थना दोन प्रसंगी दोन प्रकारे शिकवली, असे परंपरावादी भाष्यकार मानतात. लांबीच्या बाबतीत लूक मूळ रूपाच्या जवळ, तर शब्दांच्या बाबतीत मत्तय जवळ, हे जर्मन बायबल-अभ्यासक योआखिम येरेमियास यांनी मांडलेले मत अधिक ग्राह्य वाटते. उपासनेत वापरल्या जाणाऱ्या संहितेत कालांतराने भर पडते, गळती सहसा होत नाही. प्रार्थना मूळ अरामी भाषेत असावी, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. संबोधनामागचा अरामी शब्द ‘अब्बा’ (पिता) म्हणजे लहान मुलाने बापाला लाडाने मारलेली हाक, हे बरेच लोकप्रिय झालेले विधान मात्र बायबल-अभ्यासक जेम्स बार यांच्या १९८८ मधील लेखानंतर तसेच्या तसे स्वीकारता येत नाही; मोठी माणसेही तो शब्द वापरीत.

विनंत्यांची संख्या. प्राचीन धर्माचार्य ऑगस्टीनच्या परंपरेनुसार कॅथलिक व लूथरन सात विनंत्या मोजतात. सुधारित (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) पंथांत शेवटच्या दोन एकत्र धरून सहा मोजतात. पहिल्या तीन ‘तुझे’ या शब्दाभोवती आहेत (नाव, राज्य, इच्छा), उरलेल्या ‘आम्ही’भोवती (रोजची भाकर, ऋणांची सूट, परीक्षा, वाइटापासून सुटका). ‘मी’ हे सर्वनाम कोठेही नाही. एकट्याने म्हणतानाही बहुवचनच वापरावे लागते. तिसरी विनंती आज्ञापालनाची. मत्तय २६:४२ मध्ये गेथशेमाने बागेत येशू स्वतः हेच ग्रीक शब्द उच्चारतो, त्यामुळे ‘जे होईल ते होवो’ असा निष्क्रिय अर्थ तिला चिकटवता येत नाही. तेथे इच्छा मान्य करणे म्हणजे उठून पुढच्या प्रसंगाला सामोरे जाणे आहे.

‘रोजची भाकर’. संपूर्ण प्रार्थनेत सर्वाधिक वाद झाला तो ‘रोजची’ असे भाषांतर होणाऱ्या ‘एपिऊसिओस’ या ग्रीक विशेषणावर. तिसऱ्या शतकात ग्रीक धर्मपंडित ओरिगेनने नोंदवले आहे की हा शब्द ग्रीक विद्वानांच्या लेखनात वा सामान्यांच्या बोलण्यात आढळत नाही, तो शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. त्याच्या तीन प्रमुख व्युत्पत्ती दिल्या जातात. पहिली ‘ऊसिआ’ म्हणजे सत्ता, अस्तित्व या शब्दावरून : ‘जगण्यापुरती’ किंवा ‘सत्तेपलीकडची’. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने मत्तयाच्या भाषांतरात ‘सुपरसुब्स्तान्तियालेम’ असा शब्द योजला आणि त्यातून प्रभुभोजनातील भाकरीशी संबंध जोडणारी व्याख्या बळावली. लूकमध्ये त्याच जेरोमने त्याच ग्रीक शब्दासाठी ‘कोतिदियानुम’, म्हणजे रोजची, असे ठेवले. लॅटिन उपासनेत हा दुसरा शब्दच टिकला आणि मराठीतील ‘रोजची’ त्याच अर्थाचा आहे. दुसरी व्युत्पत्ती ‘चालू दिवसाची’ अशी, तर तिसरी ‘एपिएनाइ’ म्हणजे येऊन ठेपणे या क्रियापदावरून ‘येणाऱ्या दिवसाची’ अशी. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ या अर्थी याच क्रियापदाचे रूप वापरले आहे; शिवाय एका यहुदी-ख्रिस्ती शुभवर्तमानात येथे ‘माहार’ (उद्याची) असा शब्द होता, असे जेरोम सांगतो.

१८८९ मध्ये इजिप्तमधील हवारा येथे पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना मिळालेल्या एका पपायरसात, घरखर्चाच्या यादीत, हा शब्द सापडल्याचे जाहीर झाले आणि ‘दिवसाचा शिधा’ हा अर्थ सिद्ध झाला असे अनेकांनी गृहीत धरले. तो पपायरस पुढे दीर्घकाळ बेपत्ता होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो येल विद्यापीठाच्या संग्रहात ओळखला गेला. नव्याने वाचल्यावर तो शब्द ‘एलाइऊ’, म्हणजे तेलाचा, असा निघाला. जुन्या संदर्भग्रंथांतून ही नोंद अजून उचलली जाते, ती सावधपणे वापरावी.

‘ऊसिआ’वरून शब्द बनता तर ‘एपि’चा अंत्य स्वर लोपून ‘एपूसिओस’ असे रूप अपेक्षित होते, हा पहिल्या व्युत्पत्तीवरील आक्षेप वजनदार आहे. तिसरीवर आक्षेप असा की त्याच अध्यायात (मत्तय ६:३४) उद्याची चिंता करू नका असे सांगितले आहे. यावर निर्गम १६ मधील मान्न्याचा (वाळवंटात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेल्या अन्नाचा) दाखला देतात. मान्ना एका दिवसापुरताच गोळा करायचा असे. शिल्लक ठेवला तर त्यात किडे पडत. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, कारण सातवा विश्रामाचा. म्हणजे उद्याची भाकर आज मिळणे हा साठवणुकीचा नव्हे, तर विसंबून राहण्याचा प्रकार ठरतो. या दृष्टीने तिसरी व्युत्पत्ती प्रकरणाशी विसंगत राहत नाही.

ऋण आणि परीक्षा. मत्तयात ‘ऋणे’, लूकमध्ये ‘पापे’ असा शब्द आहे. अरामी ‘होबा’ या शब्दात दोन्ही अर्थ असल्याने हा फरक भाषांतरातून आला असावा. मराठी संहितेत मत्तयाप्रमाणे ‘ऋण’ आले. देवऋण, पितृऋण ही जोडी कानावर असलेल्या वाचकाला तो शब्द जवळचा वाटतो, पण तेथे ऋण फेडायचे असते आणि येथे सोडायचे, हा भेद लक्षात ठेवावा लागतो. ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ यातील ‘सोडले आहे’ हे पूर्ण भूतकाळी रूप जुन्या हस्तलिखितांना धरून आहे. नंतरच्या बिझंटाइन प्रतींत ‘सोडतो’ असे वर्तमानकाळी रूप आहे. ‘परीक्षा’ या शब्दाच्या मूळ ग्रीक शब्दात कसोटी व मोह हे दोन्ही अर्थ आहेत. देव मोहात पाडत नाही (याकोब १:१३), म्हणून फ्रेंच कॅथलिकांनी ३ डिसेंबर २०१७ पासून ‘मोहात पडू देऊ नकोस’ या अर्थाचा पाठ स्वीकारला. इटालियन उपासनाग्रंथात तसा बदल २०२० मध्ये झाला.

समाप्तीचे स्तवन. ‘कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव’ हे वाक्य सिनाई, व्हॅटिकन व बेझा या नावांच्या जुन्या हस्तलिखितांत नाही. मराठी बायबलात ते चौकटी कंसात छापतात. ‘डिडाखे’ या बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ग्रंथात ‘राज्य’ वगळून त्याचे आखूड रूप मिळते. याच ग्रंथात प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असा आदेश आहे. स्तवनाची घडण १ इतिहास २९:११ वरून झालेली दिसते.

म्हणण्याची रीत. सामुदायिक गतीने तिला सुमारे अर्धा मिनिट लागतो. कॅथलिक मिस्सामध्ये (मुख्य उपासनाविधीत) ती भाकर मोडण्यापूर्वी येते. ‘वाइटापासून सोडव’ येथे लोक थांबतात, धर्मगुरू पुढील विनवणी एकटा म्हणतो आणि मग लोक स्तवन म्हणतात. प्रॉटेस्टंट उपासनेत स्तवन न थांबता जोडलेले असते. संमिश्र लग्नात वा अंत्यविधीत नेमकी येथेच गडबड होते : निम्मी मंडळी गप्प, निम्मी पुढे. चालवणाऱ्याने कोणती रीत पाळायची ते आधी सांगावे. ‘बापा’ व ‘पित्या’ अशा दोन पाठांची मिसळही सुरुवातीलाच सूर विस्कटते. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या रोझरीत (जपमाळेत) ती सहा वेळा येते.

पाठांतरामुळे अर्थ निसटतो, ही तक्रार जुनी आहे. मत्तयात ही प्रार्थना येते तीच मुळी निरर्थक बडबडीविरुद्धच्या इशाऱ्यानंतर. मार्टिन लूथरने १५३५ मध्ये आपल्या न्हाव्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत तिला पृथ्वीवरील सर्वांत मोठी हुतात्मा म्हटले, कारण सगळेच तिचा छळ करतात. त्याने सुचवलेली पद्धत घरगुती उपासनेत उपयोगी पडते : आधी संपूर्ण म्हणावी, मग एकेका विनंतीवर थांबून त्या दिवसाची बाब स्वतःच्या शब्दांत जोडावी. एखाद्या विनंतीवर मन गुंतले तर उरलेल्या सोडून द्याव्यात, सातही उरकण्याचा आग्रह नको. चौथ्या विनंतीत पगार, पाऊस, औषध असे नेमके मागता येते. पाचवीत नाव घेऊन माफी द्यावी लागते, म्हणून घाईत तीच वगळली जाते.

मराठी-कोकणी रूपे. जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्स यांचा कोकणी धर्मशिक्षणग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापला गेला. त्यात ही प्रार्थना आहे. मिशनरी विल्यम कॅरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर छापखान्यातून मत्तयाचे मराठी शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगाव येथील मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. कोकणीत भाकरीऐवजी ‘गिरास’ (घास) म्हणतात.