पाठवणाऱ्याचं नावच नाही, मग स्पॅम ओळखायचा कशावरून?

स्पॅम फिल्टर मेलमधला मजकूर वाचून निकाल देतो, अशी आपली समजूत असते. वाचतो खरा, पण पुष्कळदा त्याला तिथवर जावंच लागत नाही. मेल कुठल्या आयपी पत्त्यावरून आली, त्या पत्त्याची पत काय, जे डोमेन लावलंय त्याने या सर्व्हरला मुभा दिली आहे का, डिजिटल सही जुळते का, एवढ्या चौकशीतच ढीगभर कचरा दारातून परत जातो. फिल्टरचा मोठा आधार म्हणजे 'कोण पाठवतंय' हा प्रश्न.

रीमेलर, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख झाकून मेल पुढे धाडणारे सर्व्हर, मुळात हीच माहिती पुसण्यासाठी असतात. वर पंचाईत अशी, की बाहेर पडणाऱ्या सगळ्या मेलवर रीमेलरचा स्वतःचा आयपी पत्ता असतो. एका उपटसुंभाने स्पॅम सोडला की काळ्या यादीत जातो तो सर्व्हर, आणि बाकीच्यांचीही पत्रं अडतात.

योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ साली फिनलंडमध्ये सुरू केलेल्या 'अनॉन.पेनेट.एफआय' या सेवेला हा त्रास तुलनेने कमी अवघड होता. टोपणपत्ता आणि खरा पत्ता यांची यादी त्यांच्याकडे असे. कुणी गैरवापर केला तर त्याचं खातं बंद करता यायचं. पण चालकाच्या उपयोगाची यादी इतरांनाही हवी असते. १९९५ मध्ये एका वापरकर्त्याची ओळख पोलिसांना द्यावी लागली, आणि १९९६ मध्ये सेवाच बंद झाली.

नंतर रूढ झालेल्या 'मिक्समास्टर'सारख्या रीमेलरांत अशी यादीच नसते. डेव्हिड चाउम यांनी १९८१ मध्ये मांडलेली कल्पना त्यामागे आहे: पत्र एकात एक अशा कूटबद्ध थरांत गुंडाळायचं आणि अनेक सर्व्हरांतून न्यायचं. समजा वाटेत तीन सर्व्हर आहेत. पहिल्याला पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता दिसतो, पण हातात असतो अगम्य बाइट्सचा गठ्ठा. मधल्याला यातलं काहीच कळत नाही. तिसऱ्यासमोर शेवटचा थर सुटतो. त्याला घेणाऱ्याचा पत्ता आणि (वेगळा कूटबद्ध केला नसेल तर) मजकूर दिसतो, पण पाठवलं कुणी हे ठाऊक नसतं. सगळ्या पाकिटांचा आकारही सारखाच.

मग फिल्टर बसवायचा कुठे? मजकूर तपासायचा तर शेवटच्या सर्व्हरवरच. २००२ नंतर लोकप्रिय झालेली बेजियन पद्धत, म्हणजे कुठला शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो यावरून संभाव्यता काढणं, तिथे चालवता येते. माझ्या मते मात्र ती इथे फार जपून वापरावी. कारण चूक झाली तर ती कुणालाच कळत नाही. एरवी मेल नाकारली गेली की पाठवणाऱ्याला तसा निरोप तरी जातो. इथे निरोप पाठवायला पत्ताच नाही. गैरव्यवहाराची खबर देणाऱ्याचं पत्र फिल्टरने गिळलं तर तो बिचारा उत्तराची वाट पाहत बसणार.

फुकटच्या मेलचा पूर ही तर आणखी गंभीर बाब, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. रीमेलर पत्रं थोडी साठवतो, क्रम बदलतो आणि मग सोडतो. हल्लेखोराने स्वतःचीच शेकडो पत्रं त्यात कोंबली, तर बाहेर आलेल्या गठ्ठ्यातली आपली तो ओळखतो. उरलेलं एकमेव पत्र त्याच्या सावजाचं! म्हणून मिक्समास्टर प्रत्येक फेरीत काही पत्रं मागे ठेवतो आणि कुठली ठेवायची ते यादृच्छिकपणे ठरवतो. त्याने हल्ला अशक्य होत नाही, लांबतो.

व्यवहारात चालक साधे उपाय करतात. 'मला अशी पत्रं नकोत' म्हणणाऱ्यांचे पत्ते वगळतात, एका पत्राला किती पत्ते चालतील यावर मर्यादा घालतात. काही जण शेवटचा सर्व्हर व्हायलाच नकार देतात आणि फक्त मधली भूमिका घेतात. ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या टॉर जाळ्यातून बाहेर पडताना, सर्व्हरांमधली मेल ज्या २५ क्रमांकाच्या पोर्टवरून (म्हणजे दारातून) जाते, त्याला मूळ नियमांतच बंदी आहे, तीही याच भीतीने.

अॅडम बॅक यांनी १९९७ मध्ये सुचवलेली हॅशकॅश ही युक्ती वेगळी: नाव विचारू नका, मेहनत मागा. प्रत्येक मेलसोबत एक 'तिकीट' जोडायचं, ज्याच्या हॅशचे, म्हणजे ठरावीक गणिताने निघणाऱ्या पण आधी ओळखता न येणाऱ्या आकड्याचे, सुरुवातीचे २० बिट शून्य असतील. असं तिकीट सापडायला सरासरी साडेदहा लाख प्रयत्न लागतात. तपासायला मात्र एकच. तिकिटात घेणाऱ्याचा पत्ता गुंफलेला असल्यामुळे ते दुसऱ्याला लावता येत नाही. (पुढे बिटकॉइनने हेच तत्त्व उचललं.) मात्र बेन लॉरी आणि रिचर्ड क्लेटन यांनी २००४ मध्ये हिशेब मांडून दाखवलं, की इतरांचे संगणक बळकावून वापरणाऱ्या स्पॅमवाल्याला ही मेहनत परवडते, ती एवढी वाढवावी की त्याला जड जाईल, तर प्रामाणिक माणूसच भरडला जातो.

म्हणून लक्ष पुन्हा चाउम यांच्याकडे जातं. १९८२ मध्ये त्यांनी 'अंध सही' मांडली: आत कार्बन असलेल्या बंद लिफाफ्यावर सही केली की ती आतल्या कागदावर उमटते, पण सही करणाऱ्याला कागद दिसत नाही. अशी सही असलेली मोजकी टोकन ओळख पटवून घ्यायची, मग हव्या त्या पत्राला एकेक लावायचं. टोकन खरं आहे आणि ते आधी वापरलेलं नाही, एवढंच रीमेलरला कळतं. वापरलेल्या टोकनांची नोंद मात्र ठेवावी लागते. टोकन वाटताना कुणावर विश्वास ठेवायचा आणि एका माणसाला किती द्यायची, यावरची ओढाताण अजून चालू आहे.