संयुक्त आहे हे कळलं, पण अवयव कुठे आहेत?

९१ मूळ संख्या नाही हे पटवायला शाळेत आपण ७ × १३ लिहून मोकळे होतो. तिथूनच एक समज घट्ट बसतो: संख्या संयुक्त म्हणायची, तर तिचे अवयव पाडून दाखवायलाच हवेत. प्रत्यक्षात ही दोन कामं निराळी आहेत. किती निराळी, ते पाहायला २ चा ६७ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा.

येतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये ही संख्या मूळ असल्याचं सांगून टाकलं होतं. १८७६ मध्ये एद्वार ल्युकाने ती संयुक्त असल्याचं सिद्ध केलं. अवयव मात्र त्याने एकही दिला नाही. त्याच्याकडे नव्हताच!

मग सिद्ध कसं केलं? फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा नियम घेऊन छोट्या संख्येवर बघू. कुठलीही विषम मूळ संख्या घ्या, २ चा तिच्याहून एकाने कमी असलेला घात काढा आणि त्या संख्येने भागा. बाकी १ उरलीच पाहिजे. आता १५ घ्या. २ चा १४ वा घात १६,३८४. १५ ने भागल्यावर बाकी ४. म्हणजे ३ आणि ५ यांचं नावही न घेता १५ मूळ संख्यांतून बाद. (उलट बाजूने हे चालत नाही. ३४१ ला बाकी १ येते, तरी ती ११ × ३१ आहे.) ल्युकाची कसोटी वेगळी होती, पण जात हीच: मूळ असती तर जे घडायलाच हवं, ते घडलं नाही. लेमरने पुढे तिला सुटसुटीत रूप दिलं. ४ पासून सुरुवात करून दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. आपल्या संख्येसाठी हे ६५ वेळा. शेवटी शून्य आलं नाही की संयुक्त.

अवयव मिळायला १९०३ उजाडलं. न्यूयॉर्कमधल्या गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोलने ते मांडले: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. सांगतात, की एक शब्दही न बोलता त्याने फळ्यावर गुणाकार करून दाखवला. शोधायला कितीतरी रविवार गेले, तपासायला एक फळा पुरला. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो, एवढी सवलत असूनही लहान अवयव त्या रांगेत १४,४५,५८० व्या जागी आहे.

ही दरी अजून तशीच आहे. मूळ की संयुक्त, हे नेमकं आणि झटपट ठरवणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. अवयव पाडण्याची तशी रीत नेहमीच्या संगणकांसाठी कुणालाच सापडलेली नाही, आणि संगणकावरचे संदेश गुप्त ठेवणारं आरएसए कुलूप त्याच अडचणीवर टिकून आहे.

विसावी फर्मा संख्या (२ चा २० वा घात काढायचा, २ चा तेवढावा घात घ्यायचा आणि १ मिळवायचा) ३,१५,६५३ अंकी आहे. ती संयुक्त आहे हे १९८० च्या दशकातच सिद्ध झालं. अवयव अजून एकही हाती नाही.