क्षेत्रभेट : नाशिकमधील वस्त्यांची तुलना

एकाच शहरातील वेगवेगळ्या वस्त्यांचे पाणी, हवा, आवाज, झाडी व कचरा यांची विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष फिरून केलेली तुलनात्मक पाहणी. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात ‘क्षेत्रभेट’ हा पाठ आहे. पदवीच्या पर्यावरण अभ्यासातही प्रदूषित स्थळाची भेट व अहवाल अपेक्षित असतो.

जुन्या नाशकातील वाडे व बोळ, गंगापूर रोडवरील बंगले आणि सोसायट्या, सिडकोची दाटीची घरे, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती हे सारे नाशकात काही किलोमीटरच्या आत सापडते. तरी तुलनेचा सर्वांत चांगला धागा रस्त्यांचा नाही, नासर्डीचा (नंदिनी) आहे. पश्चिमेच्या डोंगरांकडून येणारी ही नदी सातपूर परिसर व दाट वस्ती ओलांडून टाकळीजवळ गोदावरीला मिळते. काठाने चालत गेल्यास नाला कुठे मिसळतो, फेस कुठे दिसतो, पाणवेली कुठून सुरू होतात हे नकाशावर मांडता येते. खालच्या वस्तीत वास येतो, पण घाण बरीचशी वरच्या अंगाने आलेली असते. एकच वस्ती पाहून परतलेल्या गटाला हे कळत नाही आणि त्याचा अहवाल ‘लोक अस्वच्छ’ या शेऱ्यावर संपतो. पाहणी पावसाळ्याआधी करावी. पुराच्या पाण्यात हे फरक बुडून जातात.

तापमानाची एकच नोंद फसवी ठरते. अरुंद बोळात दुपारी सावली असते, पण भिंतींत साठलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर पडत राहते. झाडीच्या मोकळ्या आवारात रात्र लवकर निवते. म्हणून दोन्ही ठिकाणी एकाच वेळी, सावलीत, जमिनीपासून सारख्याच उंचीवर, दुपारी आणि रात्री तापमान मोजतात.

आवाजासाठी केंद्र सरकारच्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील मर्यादा हाताशी ठेवतात : दिवसा (सकाळी 6 ते रात्री 10) निवासी भागात 55, व्यापारी भागात 65, औद्योगिक भागात 75 डेसिबल. मोबाइलमधील अ‍ॅपचे आकडे काटेकोर नसतात. मात्र तोच फोन सगळीकडे वापरला, तर तुलनेपुरते चालतात. फोन बदलला की तुलना मोडते, आणि गटागटाने काम करताना नेमके हेच घडते.

रहिवाशांशी बोलणे हा पाहणीचाच भाग. नदीचे पाणी पूर्वी कशासाठी वापरत, हे जुन्या बिऱ्हाडांनाच ठाऊक असते.