फिट, गोळ्या अन् विसरणं: याची गोष्ट दोनशे वर्षं जुनी आहे

आपल्याकडे चोपडा-यावल म्हणा की शिरपूर, फिट येणाऱ्या पोराची आई डॉक्टरला हमखास सांगते, "गोया खाई खाईसन पोऱ्या सम्दं इसरी जास." म्हणजे गोळ्या खाऊन खाऊन पोरगा सगळं विसरतो, दोष गोळ्यांना. त्यात थोडं खरं आहेच, फेनोबार्बिटोन हे फिटवरचं औषध १९१२ पासून चालतंय, स्वस्त आहे, अन् त्याने सुस्ती येते, डोकं जड राहतं. पण विसरण्यामागचं मेंदूतलं कारण गोळ्यांच्याही आधी दिसलं होतं.

१८२५ ला पॅरिसमध्ये बुशे आणि काझोव्हिए या दोघांनी फिटने आजारी असलेल्यांच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली, तर काहींमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानाच्या आतल्या बाजूला मेंदूत खोल असलेला भाग, घट्ट झालेला दिसला. तेव्हा फिटवरचं पहिलं कामाचं औषध, ब्रोमाइड, यायला अजून तीस वर्षं होती, म्हणजे गोळ्यांवर ढकलायची सोयच नव्हती! मग १८८० मध्ये जर्मनीत झोमरने तिथल्या नेमक्या कुठल्या पट्ट्यातल्या पेशी मरतात ते दाखवलं. पण या भागाचा आठवणीशी काय संबंध ते कोणालाच नीट माहीत नव्हतं.

ते कळलं १९५३ ला, आणि फार महागात. अमेरिकेत हेन्री मोलेसन, वय २७, लहानपणापासून फिट, औषधं थकली, म्हणून स्कोव्हिल नावाच्या सर्जनने दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. फिट कमी झाल्या, पण नवीन काही लक्षातच राहीना, भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला तरी अनोळखी. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नरने त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिने आरशात बघून चित्र गिरवायला दिलं तर हात रोज सुधारायचा, पण आपण हे आधी केलंय हे त्याला आठवायचं नाही. म्हणजे आठवण एकाच प्रकारची नसते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा हाच, आणि तो एका माणसाने आयुष्यभर भोगला, २००८ ला वारेपर्यंत.

नंतर एमआरआय आलं, जिवंत माणसाचा हिप्पोकॅम्पस मोजता येऊ लागला. २०१८ ला एनिग्मा नावाच्या संशोधकांच्या गटाने एपिलेप्सीच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, २१४९ लोकांचे स्कॅन १७२७ निरोगी लोकांशी ताडून पाहिले, तर फरक हिप्पोकॅम्पसपुरता नव्हता, मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस लहान, मेंदूचा बाहेरचा थर काही ठिकाणी पातळ, आणि वरवर स्कॅन नॉर्मल वाटणाऱ्या प्रकारांतही. पण हे सरासरीचं गणित आहे बरं का, म्हणून जळगावला काढलेल्या एका एमआरआयवरून पोराचा मेंदू आटला असं कोणी म्हणू नये. मेंदूचं हे आकुंचन फिटमुळे की फिट आकुंचनामुळे हा वादही अजून मिटलेला नाही, बहुतेक दोन्ही खरं.

आणि गोळी परस्पर बंद केली तर फिट लागोपाठ येऊ शकतात, ते जिवावर बेतू शकतं. सुस्ती गोळी चालू केल्यावर आली की विसरणं आधीपासूनच होतं, एवढं नीट सांगितलं तरी डॉक्टरला डोस किंवा गोळी बदलायचा अंदाज येतो.