पोलिओच्या कॅलिपरपासून मोटरच्या पायांपर्यंत : पॅराप्लेजियातल्या चालण्याची पार्श्वभूमी

आपल्याकडे कॅलिपर म्हटलं की पोलिओच आठवतो. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, जड बूट ही सगळी रचना पोलिओच्या पायावर बेतलेली. त्या पायात ताकद नसते, पण संवेदना शाबूत असते. पट्टा काचला की मूल रडून सांगतं. मज्जारज्जूला इजा होऊन दोन्ही पाय लुळे पडलेल्याला, म्हणजे पॅराप्लेजिया झालेल्याला, बहुतेकदा तेही कळत नाही. संध्याकाळी कॅलिपर उतरवल्यावर घोट्याच्या हाडावर लाल चट्टा दिसतो, आणि त्याची जखम झाली तर महिनोन्‌महिने भरत नाही. एकाचं माप दुसऱ्याला लावण्यातली ही अडचण शिबिरांतून कॅलिपर वाटणाऱ्यांनी फारशी मनावर घेतली नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे बहुतेक रुग्ण मूत्रमार्गाचा संसर्ग नाहीतर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) यांनी दोनेक वर्षांत दगावायचे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्यांच्यासाठी खास विभाग निघाला. माणसं जगू लागली, तेव्हा कुठे उभं राहण्याचा विषय निघाला.

लांब कॅलिपरची सगळी मदार गुडघ्याच्या कुलपावर. पाय सरळ केला की सांध्यावर एक कडी घसरून बसते, बसायचं तर ती हाताने वर ओढायची. गुडघे असे ताठ झाले की पुढे नेणार कोण? खांदे आणि कुबड्या. दोन्ही पाय एकदम उचलून झोका घ्यायचा. यात इतका दम लागतो की घरी गेल्यावर बरेच जण कॅलिपर खुंटीला टांगतात आणि चाकाची खुर्ची धरतात. त्यावर ‘रुग्ण मेहनत घेत नाही’ असा शेरा मारायची पद्धत होती. तो शेरा अन्यायाचाच होता.

झोक्याऐवजी पावलं पडावीत म्हणून १९७० आणि ८० च्या दशकांत कॅनडा, अमेरिका आणि इंग्लंडमध्ये कंबरेपर्यंतच्या ब्रेसवर, म्हणजे बाहेरून आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या सांगाड्यावर, काम झालं. त्यातल्या एका प्रकारात दोन्ही खुब्यांचे सांधे केबलने जोडलेले असतात : कप्पीवरच्या दोन बादल्यांसारखा एक पाय मागे गेला की दुसरा पुढे येतो. जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या मुलांना याचा आधी फायदा झाला. मोठ्यांची चाल सुधारली, पण वेग खुर्चीच्या जवळपासही गेला नाही.

मोटरवर चालणाऱ्या पायांना, म्हणजे स्वतःच्या पायांवर बाहेरून चढवायच्या यांत्रिक सांगाड्याला, अमेरिकेत घरगुती वापराची पहिली परवानगी जून २०१४ मध्ये मिळाली. तीही छातीच्या सातव्या मणक्यापासून खालच्या इजांसाठी, आणि सोबत प्रशिक्षित माणूस हवा या अटीवर. कुबड्या सुटल्या नाहीत त्या नाहीतच.

खरा वाद पैशांवरून पेटला. तिथल्या ज्येष्ठांच्या आणि अपंगांच्या सरकारी विम्याच्या कायद्यात पाय, हात, पाठ आणि मान यांचे ‘ब्रेस’ बसतात. मोटर, बॅटरी आणि संगणक असलेलं यंत्र ब्रेस कसं? २०२० मध्ये त्याला बिलाचा सांकेतिक क्रमांक मिळाला, पण ते कोणत्या सदरात टाकायचं हे लटकलेलंच राहिलं. उत्पादकांचं म्हणणं असं की दुबळ्या अवयवाला आधार देतो तो ब्रेस, मग तो आधार मोटरने का दिलेला असेना. नोव्हेंबर २०२३ च्या नियमाने ते मान्य केलं आणि १ जानेवारी २०२४ पासून हे पाय ब्रेसच्या सदरात आले. एप्रिलपासून विम्याचा दर ठरला ९१,०३२ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ७५ लाख रुपये. व्याख्येच्या बाजूने निर्णय पटण्यासारखा आहे. मात्र एवढ्या पैशांत किती हलक्या खुर्च्या आणि शय्याव्रण टाळणाऱ्या किती गाद्या येतील, हा हिशेब त्या चर्चेत मागेच पडला.

भारतात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मुलांच्या कॅलिपरची ती मोठी मागणी ओसरली. रस्ते अपघातात किंवा झाडावरून, परांचीवरून पडून कणा मोडलेले लोक मात्र येतच आहेत, आणि त्यांच्या संवेदना गेलेल्या पायांना पट्टा कुठे रुततो हे रोज आरसा धरून पाहायला शिकवणारं माणूस कॅलिपरसोबत मिळतंच असं नाही.