स्टिअरिंग कॉलमची फेरजोडणी (जुन्या मोटारी)

स्टिअरिंगच्या चाकापासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत (चाकाचे फिरणे पुढच्या चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) जाणारा शाफ्ट म्हणजे दांडा, त्याभोवतीची नळी आणि त्यांवरचे बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या), सील (तेल अडवणारी कडी), हॉर्नचा कॉन्टॅक्ट व इंडिकेटरचा स्विच या साऱ्या संचाला स्टिअरिंग कॉलम म्हणतात. तो उतरवून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जागेवर बसवणे म्हणजे फेरजोडणी. पुण्यात हे काम मुख्यतः फियाट ११००, तिचीच पुढची प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर या गाड्यांवर होते. सुटे भाग नाना पेठेतल्या दुकानांत शोधतात. जुने अस्सल भाग कधी कधी बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हाती लागतात. जे कुठेच मिळत नाही ते, विशेषतः बुश, लेथवाल्याकडून करून घ्यावे लागते.

या गाड्यांच्या सुरुवातीच्या मॉडेलांत गिअरचा दांडाही कॉलमवरच असे, त्यामुळे त्याची जोडणीही सोबत उतरते. सुटे करण्यापूर्वी पुढची चाके सरळ ठेवून स्टिअरिंगच्या चाकावर आणि शाफ्टच्या दात्यांवर पंचने खूण करतात. ही खूण राहून गेली, तर जोडणीनंतर स्टिअरिंगचे चाक वाकडे बसते आणि वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते रबराकडे. कॉलम जिथे पत्र्यातून इंजिनाच्या बाजूला जातो, तिथला रबरी बूट पाणी, उष्णता आणि इंजिनाचा वास केबिनबाहेर ठेवतो. तो कडक होऊन चिरला, की पावसाळ्यात पाणी चालकाच्या पायाशी उतरते, चटईखाली साचते आणि फ्लोअरचा पत्रा कुजवते. पत्रेकामाचे मोठे बिल पुष्कळदा या स्वस्त बुटामुळेच येते, म्हणून कॉलम उतरवलाच असेल तर बूट नवा घालावा, जुना बरा दिसत असला तरी. मात्र तो कॉलम जागेवर जाण्याआधीच शाफ्टवर चढवावा लागतो. हे विसरल्यास सगळे पुन्हा खोलावे लागते. बूट कापून गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. नैसर्गिक रबर साध्या ग्रीसने फुगते, तेव्हा तो सरकवायला साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस वापरतात.

फियाटसारख्या बॉक्स असलेल्या गाड्यांत दुसरा नाजूक भाग म्हणजे ड्रॉप आर्मच्या (बॉक्सबाहेरचा, पुढची चाके वळवणारा हात) शाफ्टवरचे ऑइल सील. (अँबॅसडरला बॉक्सऐवजी रॅक, म्हणजे आडवी सरकणारी दात्यांची पट्टी असल्याने तिथे रॅकच्या टोकांचे रबरी बूट पाहावे लागतात.) सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे आत राहते. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळतात, सीलच्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेला, तेल लावतात आणि मग सील अलगद पुढे नेतात, कारण दात्याच्या धारेने ओठाला केसाएवढी चीर गेली तरी गळती लागते. सीलच्या व्यासाचा पाइपाचा तुकडा त्यावर टेकवून हलके, सगळीकडून सारखे ठोके द्यायचे. सील पुरते बसले, की ठोक्याचा आवाज बदलतो. अनुभवी मिस्त्री तिथेच थांबतो. शाफ्टवर जुन्या सीलने घासून चर पाडला असेल, तर नवे सीलही गळते. अशा वेळी आधी शाफ्टचे काम करणेच योग्य.

वरच्या टोकाचा बुश सैल असेल तर चाक हातात खाली-वर हलते. बॉक्समधला प्ले (ढिलेपणा) शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) किंवा ॲडजस्टिंग स्क्रूने काढतात. पण चाके सरळ असतानाचा प्ले शून्य करण्याच्या नादात स्क्रू आवळला, तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही आणि वर्म (बॉक्समधला स्क्रूसारखा गिअर) झिजतो.

शाफ्टवर हातोडी मारणे कटाक्षाने टाळावे. १९६८ पासून अमेरिकेत धडकेत दबणाऱ्या कॉलमची सक्ती झाली. तशा कॉलममधल्या प्लॅस्टिकच्या पिना ठोक्याने तुटतात. आपल्याकडच्या जुन्या अखंड शाफ्टला हा धोका नाही, पण ठोके थेट बेअरिंगवर जातात.

जोडणी झाली तरी हॉर्न वाजत नसेल, तर बहुधा कॉलमचे अर्थिंग (गाडीच्या सांगाड्याशी असलेली विजेची जोडणी) तुटलेले असते, कारण नव्या रंगाचा थर किंवा रबर मध्ये येते. शेवटी पुढची चाके उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवतात, मधल्या जागी ते सरळ येते का पाहतात आणि स्टिअरिंगच्या चाकाचा नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने आवळतात. बॉक्समध्ये तेल भरून गाडीखाली रात्रभर कागद पसरतात. सकाळी त्यावर तेलाचा डाग नसेल, तरच गाडी रस्त्यावर काढतात.